नातलग आणि नागरिक

मोठ्या एकत्र कुटुंबाला ‘खटल्याचे घर’ म्हणण्याची मराठीत जुनी रीत आहे. आजी-आजोबा, चुलते, चुलत्या, माहेरी परत आलेली विधवा आत्या, शिक्षणासाठी राहिलेला भाचा अशी पंधरा-वीस माणसे एका चुलीवर जेवत असली, म्हणजे ते घर खटल्याचे. कोर्टातील दाव्यालाही मराठीत खटलाच म्हणतात. या दोन अर्थांचा एकमेकांशी संबंध येण्याचे एरवी काही कारण नव्हते. परंतु गेल्या साठ वर्षांत हजारो मराठी घरांना त्या दोहोंची गाठ एकाच कागदावर पडल्याचा अनुभव आला आहे. अमेरिकेत स्थायिक होऊन तेथील नागरिक झालेला मुलगा किंवा मुलगी आपल्या माणसांना कायमच्या वास्तव्यासाठी जवळ बोलावू पाहते, तेव्हा ‘तुझे कुटुंब म्हणजे नेमके कोण?’ असा प्रश्न तेथील कायदा विचारतो. आणि त्याचे उत्तर घराच्या भाषेत देऊन चालत नाही, कायद्याच्या भाषेत द्यावे लागते.

हा प्रश्न कोणी विचारीत नसे, तो काळ फार दूरचा नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पती गोपाळराव मागाहून तेथे पोहोचले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभास गोपाळराव हजर होते आणि नात्यातल्या पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. बायकोने नवऱ्याला बोलावले आहे, किंवा ही पाहुणी अमुक नात्याने बहीण लागते, हे सिद्ध करणारा दाखला कोणाला जोडावा लागला नाही. कारण तशा परवान्याची पद्धतच तेव्हा रूढ नव्हती. चिनी मजुरांना मात्र १८८२ च्या कायद्याने मज्जाव झालेला होता. हिंदी माणसांची संख्या इतकी अल्प होती, की त्यांच्याकडे अद्याप कोणाचे लक्ष गेले नव्हते.

ते लक्ष विसाव्या शतकाच्या आरंभी गेले. पंजाबातील शेतकरी व मजूर पॅसिफिक किनाऱ्यावर येऊ लागले, त्याबरोबर त्यांच्याविरुद्ध ओरड सुरू झाली, आणि १९१७ च्या कायद्याने आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांना वस्तीसाठी येण्यास बंदी झाली. या बंदीच्या पट्ट्यात हिंदुस्थानही होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी गृहस्थांच्या प्रकरणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ ठरत नाही, यास्तव तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केली होती. तिचाही उपयोग झाला नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालेले होते, त्यांच्यापैकी अनेकांचे ते परत घेण्यात आले.

या निकालाने एका घराचे काय झाले, हे सांगण्याजोगे आहे. वैष्णोदास बगाई हे पेशावरचे गृहस्थ १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन लहान मुलगे यांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरले होते. त्यांनी दुकान काढले आणि यथावकाश नागरिकत्व मिळवले. थिंड यांच्या निकालानंतर ते काढून घेतले गेले. नागरिकत्व नाही म्हणून मालमत्ता बाळगण्याचा हक्क नाही. आणि हिंदुस्थानात आप्तांच्या भेटीस जायचे, तर ज्या ब्रिटिश सत्तेचे प्रजापण त्यांनी टाकून दिले होते, तिचाच पासपोर्ट घेणे भाग होते. १९२८ मध्ये बगाई यांनी आत्महत्या केली. कलाबाई मात्र मुलांसह तेथेच टिकून राहिल्या, आणि कायदा बदलल्यावर पुढे त्या स्वतः त्या देशाच्या नागरिक झाल्या. नागरिकत्व म्हणजे केवळ मतदानाचा अधिकार नव्हे, आपली माणसे आपल्याजवळ राहू शकतील की नाही हे त्यावर ठरते, ही गोष्ट त्या पिढीला अशा रीतीने कळली.

कायदा बदलला तो २ जुलै १९४६ रोजी. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची सही झालेल्या ल्यूस–सेलर कायद्याने हिंदी लोकांना नागरिक होण्याची मुभा दिली. वस्तीसाठी येण्याची मुभाही दिली. मात्र संख्या ठरवली ती वर्षाला शंभर! तीस-चाळीस कोटींच्या देशाला शंभर माणसांचा वाटा, ही उदारता हास्यास्पद खरी. परंतु दाराची फट तेवढी उघडली. त्याच फटीतून नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले.

दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ मध्ये, आणि तेही उघडणाऱ्यांच्या अपेक्षेविरुद्ध. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि देशोदेशींच्या वंशानुसार ठरवलेले जुने वाटे संपुष्टात आले. मूळ मसुद्यात विद्या व कौशल्य यांना पहिले स्थान होते. परंतु प्रतिनिधिगृहातील या विषयाच्या उपसमितीचे अध्यक्ष, ओहायोचे मायकेल फीगन, यांनी नातलगांना अग्रक्रम देण्याचा आग्रह धरला. त्यामागचा हिशेब उघड होता. अमेरिकेतील बहुसंख्य नागरिक युरोपीय वंशाचे. तेव्हा नातलग येतील तेही युरोपातूनच येतील, आणि समाजाचा रंग फारसा पालटणार नाही. आशियातील लोक मुळातच मूठभर. ते कोणाला बोलावणार?

हा हिशेब चुकला. युरोप तोवर सुस्थितीत येत होता आणि तेथून येणाऱ्यांचा ओघ मंदावत गेला. इकडे भारतातून डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ आपल्या विद्येच्या बळावर गेले. काही वर्षांनी नागरिक झाले. आणि नागरिक होताच नातलगांसाठी ठेवलेल्या कलमाचा त्यांनी रीतसर उपयोग केला. पत्नी गेली, आईवडील गेले, भाऊ-बहिणी गेल्या. त्या भावजयीने पुढे आपल्या माहेरच्यांना बोलावले. जे कलम युरोपीयांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले होते, त्याचा मोठा लाभ आशियाला झाला. गुजराती, पंजाबी, तेलुगू समाजांप्रमाणे मराठी समाजही त्यात आहे. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन होऊ शकले, ते या कायद्यामुळे तेथे वाढलेल्या घरांच्या आधारावर.

आता या कायद्यातील कुटुंब कोणते, ते पाहू गेल्यास त्यात दोन वर्तुळे दिसतात. पहिल्या वर्तुळात नागरिकाचा पती अथवा पत्नी, त्याची एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले, आणि नागरिक स्वतः किमान एकवीस वर्षांचा असेल तर त्याचे आईवडील. या वर्तुळावर संख्येची मर्यादा नाही. कागदपत्रे तपासण्यास जो काळ लागेल तेवढाच विलंब. दुसऱ्या वर्तुळात एकवीस वर्षांवरील अविवाहित मुलगे-मुली, विवाहित मुलगे-मुली, आणि भाऊ-बहिणी. यांच्यासाठी वर्षाकाठी ठरावीक परवाने असतात. भाऊ-बहिणींचा वाटा, त्यांच्या पती-पत्नी व मुलांसह, साऱ्या जगाला मिळून ६५ हजारांचा. आणि कोणत्याही एका देशाला एकूण परवान्यांपैकी सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, असा निर्बंध. हा निर्बंध चिमुकल्या आइसलँडला तोच आणि भारतालाही तोच!

या दोन वर्तुळांबाहेर जे कोणी आहेत, ते कायद्याच्या दृष्टीने नातलगच नव्हेत. आजी नाही, आजोबा नाहीत, काका-मामा नाहीत, सासू-सासरे नाहीत. ‘माय मरो आणि मावशी जगो’ असे म्हणणाऱ्या समाजाला हे उमगण्यास वेळ लागतो. जिची आई लहानपणी वारली आणि जिला मावशीने वाढवले, ती मुलगी नागरिक झाली, तरी त्या मावशीला ती बोलावू शकत नाही. भावाच्या पोरक्या मुलाला पोटच्या पोराप्रमाणे सांभाळले, त्याची मुंज केली, त्याला शिकवले. पण रीतसर दत्तक घेतले नाही, तर तो मुलगा नव्हे. आणि दत्तक घ्यायचे तेही सामान्यतः त्याच्या वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, आणि पुढे दोन वर्षे त्याचा ताबा व सहवास असल्याचा पुरावा हवा. दत्तकविधान ही आपल्याकडे वंश चालवण्यासाठी केलेली गोष्ट. तेथे ती तारखांनी मोजली जाते.

पहिल्या वर्तुळाचीही एक अडचण आहे, आणि ती पुष्कळांना ऐन वेळी कळते. समजा, इंदूरच्या एका मराठी कुटुंबातील थोरला मुलगा अमेरिकेत नागरिक झाला आहे. त्याचे आईवडील इंदुरात आहेत आणि त्यांच्याजवळ धाकटी, कॉलेजात शिकणारी बहीण आहे. आईवडिलांना परवाना लवकर मिळेल. परंतु त्या परवान्यावर ती बहीण त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. तिच्यासाठी भावाने वेगळा अर्ज करावा, तर ती दुसऱ्या वर्तुळाच्या अगदी शेवटच्या रांगेत उभी राहते. आईवडिलांनी तेथे जाऊन, कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड मिळवून, मग अविवाहित मुलीसाठी अर्ज केला, तर रांग तुलनेने लहान. पण तोवर तिने विवाह करता कामा नये. ग्रीन कार्डधारकाने अविवाहित मुलीसाठी केलेला अर्ज तिच्या लग्नाबरोबर रद्द होतो. एका बाजूला स्थळे सांगून येत आहेत आणि दुसऱ्या बाजूला अर्ज जिवंत ठेवायचा आहे, अशा कात्रीत सापडलेल्या मुलीच्या वयाची वर्षे कोणी परत देत नाही.

भाऊ-बहिणींच्या रांगेची लांबी ऐकली म्हणजे मन थक्क होते. २०२५ मध्ये भारतातील ज्या भावा-बहिणींचा क्रमांक लागत होता, त्यांचे अर्ज २००६ साली दाखल झालेले होते. म्हणजे सुमारे एकोणीस वर्षे! अर्ज केला तेव्हा चाळिशीत असलेला भाऊ क्रमांक लागतो तेव्हा साठीला टेकलेला असतो. ज्या उमेदीने त्याने होकार दिला ती उमेद राहिलेली नसते. नोकरी संपत आलेली असते, घर बांधून झालेले असते. पुष्कळदा तो केवळ मुलांच्या भवितव्यासाठी रांगेत राहिलेला असतो, आणि नेमका तेथेच घाव बसतो. भावाबरोबर त्याची मुले जाऊ शकतात ती एकवीस वर्षांखालील असली तरच. अर्जाच्या वेळी तीन वर्षांचा असलेला मुलगा आता बाविशीत असतो. २००२ च्या एका कायद्याने येथे थोडी सवलत दिली आहे: सरकारी कचेरीत अर्ज तपासण्यात जो काळ गेला, तो मुलाच्या वयातून वजा करतात. परंतु तपासणीनंतर रांगेत जो काळ गेला, तो वजा होत नाही. वय उलटलेल्या अशा मुलांना आईबापांच्या अर्जाची जुनी तारीख राखून मिळावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ च्या निकालाने बहुतेकांच्या वाट्याला निराशाच आली. ज्या मुलासाठी वाट पाहिली, त्याला मागे ठेवून आईबापांनी जावे, की सर्वांनीच येथे राहावे, असा प्रश्न मग घरात उभा राहतो.

वय आणि नाते सिद्ध करायचे ते कागदाने. याबाबत आपल्या समाजाची जुनी बेफिकिरी आज भोवते. जन्म-मृत्यूची नोंदणी देशभर एका कायद्याखाली आणण्याचे काम १९६९ च्या अधिनियमाने झाले. त्यापूर्वी खेड्यापाड्यांत जन्मलेल्या असंख्य लोकांची नोंदच नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहून टाकली आणि तीच आयुष्यभर चिकटली, असे वृद्ध महाराष्ट्रात घरोघरी आढळतात. स्त्रियांच्या नावांचा गुंता तर याहून अवघड. माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मी झाली. मुलाच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून लक्ष्मी आहे, तिच्या शाळेच्या दाखल्यावर गोदावरी आहे, आणि पासपोर्टात मधले नाव वडिलांचे की पतीचे, याचाच घोळ आहे. ही एकच स्त्री आहे आणि ती या मुलाची आई आहे, हे परक्या अधिकाऱ्याला पटवून द्यायचे. त्यासाठी ‘नोंद आढळत नाही’ असा नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म प्रत्यक्ष ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, इतकी जुळवाजुळव करावी लागते. कागद अपुरे पडले तर डीएनए चाचणी सुचवली जाते. सत्तरीच्या बाईला, आपण आपल्या मुलाची आई आहोत हे प्रयोगशाळेकडून वदवून घ्यावे लागावे, याचे वैषम्य वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खोटी नाती दाखवून परवाने मिळवणारे लोकही असतात, आणि अधिकाऱ्यापुढे दोघांची कागदपत्रे सारखीच दिसतात, हेही विसरता येत नाही.

विवाहाच्या बाबतीत हा संशय अधिक तीव्र असतो. केवळ परवान्यासाठी लग्ने लावण्याचे प्रकार वाढले, म्हणून १९८६ मध्ये असा नियम झाला, की विवाहाला दोन वर्षे होण्यापूर्वी जोडीदार तेथे पोहोचला, तर त्याचे वास्तव्य दोन वर्षे सशर्त राहील, आणि त्यानंतर संसार खरा असल्याचा पुरावा द्यावा लागेल. या नियमाला अपवाद ठेवलेले आहेत. पण पतीच्या जाचाखाली असलेल्या नववधूला ते ठाऊक नसतात, आणि ‘तुझे कागद माझ्या हाती आहेत’ ही धमकी तिला खरी वाटते. वस्तुतः जुलूम सोसणाऱ्या पत्नीला पतीच्या सहीवाचून स्वतंत्रपणे अर्ज करण्याची वाट कायद्यात आहे. मुलीचे लग्न परदेशात ठरवताना मुलाचा पगार, घर, मोटार यांची चौकशी होते. त्याबरोबर ही एक माहिती मुलीच्या पदरात घालणे आईबापांचे काम आहे. विधवेच्या बाबतीतही पूर्वी अन्याय होता. विवाहाला दोन वर्षे होण्याच्या आत नागरिक पती वारला आणि तिचा अर्ज तपासणीतच असला, तर तो अर्ज बुडत असे. २००९ च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली.

नाते सिद्ध झाले, क्रमांकही लागला. तरी एक मोठी अट उरते, ती हमीची. बोलावणाऱ्या नागरिकाला आपल्या नातलगाच्या उदरनिर्वाहाचे हमीपत्र द्यावे लागते. १९९६ च्या कायद्यापासून हे हमीपत्र नुसते तोंडदेखले आश्वासन राहिलेले नाही. तो कोर्टात बजावता येणारा करार आहे. सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट उत्पन्न हमीदारापाशी असले पाहिजे, आणि कुटुंबातील माणसे वाढतील तशी ही रक्कम वाढते. उत्पन्न अपुरे असेल, तर दुसऱ्या कोणास जोड-हमीदार म्हणून उभे करता येते. मात्र ही जबाबदारी सहजासहजी सुटत नाही. आलेली व्यक्ती नागरिक झाली, किंवा तिच्या नावे सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद झाली, किंवा ती कायमची देश सोडून गेली, किंवा मरण पावली, तरच ती संपते. घटस्फोटानेही संपत नाही. आपल्याकडे गावात कोणी कोणाला जामीन राहतो तेव्हा घरातील जाणती माणसे सात वेळा विचार करतात. मित्राच्या भावासाठी ‘जरा सही कर’ म्हणून जोड-हमीदार होणाऱ्या भिडस्त माणसाने तितकाच विचार करावा.

याहून मोठी किंमत मात्र पैशात मोजता येत नाही. ग्रीन कार्ड असलेला मनुष्य पत्नीला आणि अविवाहित मुलांना बोलावू शकतो. आईवडिलांना किंवा भावा-बहिणींना बोलावण्याचा हक्क केवळ नागरिकाला आहे. आणि भारतीय संविधानाचे नववे कलम व १९५५ चा नागरिकत्व अधिनियम यांच्यान्वये, जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. दोन्ही एकाच वेळी राखता येत नाहीत. २००५ पासून ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नावाचे जे कार्ड मिळते, त्याने येण्या-राहण्याची सोय होते. पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा आईला जवळ आणायचे, तर मायभूमीचे नागरिकत्व सोडायचे, असा हा व्यवहार आहे. परक्या देशाच्या निष्ठेची शपथ घेताना अनेकांचा कंठ दाटून येतो, तो याचमुळे. जो मुलगा ‘तिकडचाच झाला’ म्हणून गावात नावे ठेवली जातात, त्याने पासपोर्ट बदलला तो कदाचित एकट्या पडलेल्या आईसाठी असेल, हे लोकांच्या ध्यानी येत नाही.

आणि एवढे करून आई खरोखरच तेथे राहते का? मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत होते. पूर्वी ही कचेरी ब्रीच कँडीला समुद्राकाठी होती. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मुलाखत पार पडली, परवाना मिळाला, पेढे वाटून झाले, आईवडील मुलाच्या घरी पोहोचले. पहिला उन्हाळा कौतुकात जातो. मग थंडी येते. मोटार चालवता येत नाही म्हणून घराबाहेर पडता येत नाही. शेजारी कोण राहतो ते कळत नाही. भाजीवाल्याशी हुज्जत घालण्याची सोय नाही. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत. वैद्यकीय खर्चाची धास्ती वेगळीच. वृद्धांसाठी जी सरकारी विमा योजना आहे, तिच्यात अशा आईवडिलांना पासष्टीनंतर, आणि सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर, तेही बहुधा हप्ते भरूनच प्रवेश मिळतो. तोवर खासगी विम्याचा भार मुलावर. मग, ‘सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे’ असा विचार निघतो. परंतु ग्रीन कार्ड म्हणजे प्रवासाचा पास नव्हे. ते कायम वास्तव्याचे वचन आहे. पूर्वपरवानगीवाचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिले, तर वास्तव्य सोडून दिले असे धरले जाते. वारंवार लांबलेल्या फेऱ्यांवरही प्रश्न विचारले जातात. ज्यांचे मन बडोद्याच्या किंवा पुण्याच्या घरातच आहे, अशा वृद्धांना पाहुण्यांच्या व्हिसावर काही महिने जाऊन परत येणे अधिक सुखाचे ठरते. उलट, एकट्या राहिलेल्या, आजारी आईला येथे पाहणारे कोणीच नसेल, तर तोच परवाना तिचा आधार होतो. एकाला लागू पडलेले दुसऱ्याला पडेलच असे नाही.

नातलगांना बोलावण्याचा हा हक्क असाच राहील, असेही गृहीत धरता येत नाही. १९९५ मध्ये बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने भाऊ-बहिणींचा वर्ग बंद करण्याची शिफारस केली होती. २०१३ मध्ये सेनेटने संमत केलेल्या विधेयकात, आणि २०१७ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या एका विधेयकातही, तशी तरतूद होती. यांपैकी कशाचेही कायद्यात रूपांतर झाले नाही. बंद करू पाहणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. वीस वर्षांची रांग दाखवून लोकांना आशेवर झुलवत ठेवण्यापेक्षा स्पष्ट नकार बरा; आणि देशाने माणसे निवडायची ती विद्या व कौशल्य पाहून निवडावीत, असे ते म्हणतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की नवा येणारा मनुष्य परक्या देशात उभा राहतो तो आपल्या माणसांच्या आधाराने. भाऊ भावाला दुकानात घेतो, बहीण बहिणीचे मूल सांभाळते, आजी नातवंडांना आपली भाषा देते. ही कामे सरकारी हिशेबात दिसत नाहीत, म्हणून ती होतच नाहीत असे नव्हे. कोणत्याही राज्यकर्त्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. ती ओढताना सावकाशी चालू शकते. अनिश्चितता मात्र माणसाला पोखरून टाकते. ज्या कायद्याला नकार द्यायचा आहे त्याने तो वेळेवर द्यावा, एवढी अपेक्षा दोन्ही पक्षांना मान्य व्हावी.

तोवर घराघरांनी करण्याजोगे आहे ते हे. मुलगा किंवा मुलगी नागरिक झाली, म्हणजे साऱ्या घराची सोय झाली, या समजुतीत राहू नये. कोण कोणत्या वर्तुळात आहे, कोणाचे वय केव्हा एकवीस होते, कोणाच्या लग्नाने कोणता अर्ज बुडतो, कोणाच्या नावाचा दाखला जुळत नाही, हे आधीच समजून घ्यावे. रांगेत नाव घालून त्या रांगेच्या भरवशावर शिक्षण, नोकरी किंवा लग्न अडवून धरू नये. अमेरिकेतल्या मुलानेही आपल्या हक्काची मर्यादा ओळखावी. कायद्याने त्याला आईवडिलांना बोलावण्याचा अधिकार दिला आहे. त्यांना उपटून नेण्याचा नव्हे.

त्या अर्जाच्या नमुन्यात पुष्कळ रकाने असतात. नाव, जन्मस्थळ, विवाहाची तारीख, पूर्वीचे पत्ते, सारे काही विचारलेले असते. अर्जाखाली सही लागते ती बोलावणाऱ्या मुलाची. जिला बोलवायचे त्या आईची सही त्यावर लागत नाही, आणि ‘तुम्हांला यावयाचे आहे काय?’ असा रकानाही त्यात नाही. म्हणून तो प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी, तिच्याजवळ बसून, घरीच विचारलेला बरा.